लाल पेन्सिलीचा गोल

भिंगसाहेबांचं खरं नाव छापखान्यात फक्त हजेरीच्या वहीला ठाऊक होतं. गळ्यात काळ्या दोरीला लटकणारं अंगठ्याएवढं भिंग ते जेवतानासुद्धा उतरवत नसत, म्हणून तोंडावर सगळे त्यांना 'भिंगसाहेब' म्हणायचे आणि पाठ वळली की नुसतं 'भिंग'. ग्राहकांकडून छपाईला आलेली प्रत्येक फाईल प्लेटवर जाण्याआधी वरच्या मजल्यावरच्या त्यांच्या काचेच्या खोलीतून जायची. चोवीस वर्षं त्यांनी हे एकच काम केलं, दुसऱ्यांच्या चुका शोधल्या. आणि चोवीस वर्षं जो दुसऱ्यांच्या चुका शोधतो, त्याला एखादा दिवस त्या सापडल्या नाहीत तर चुकल्याचुकल्यासारखं होतं.

चुका सापडायच्याही रग्गड. कोणी कापण्यासाठी कडेला जास्तीचा रंग सोडायला विसरायचा, मग कापल्यावर काठाला पांढरी रेघ. कोणी मोबाइलवर आलेला इवलासा फोटो ताणून पानभर करायचा. कोणी रंग संगणकाच्या पडद्याचे ठेवायचा, शाईचे करायचाच नाही, आणि मग हिरवा शेवाळल्यासारखा आला म्हणून भांडायला यायचा. दुसरा कोणी असता तर त्याने फोन करून सांगितलं असतं, बाबा रे, एवढं नीट करून पाठव. साहेबांची रीत वेगळी होती. ते त्या फाईलची एक प्रत काढायचे, चुकीभोवती लाल पेन्सिलीने गोल काढायचे, खाली करणाऱ्याचं नाव लिहायचे आणि ती प्रत जिन्याच्या भिंतीवर टाचणीने लावायचे. छापखान्यात 'भिंत' म्हटलं की सगळ्यांना हीच भिंत कळायची. ग्राहक जिना चढून वर यायचा तो स्वतःचं नाव वाचतच.

एकदा एक निवृत्त मास्तर आले होते. बायको गेली, तिच्या वहीतल्या कविता यांनी घरी बसून, कोणाकोणाला विचारून पुस्तकासारख्या मांडल्या होत्या. मुखपृष्ठावर बाईंचा फोटो होता, फार लहान फोटोवरून मोठा केलेला, म्हणून चौकोनाचौकोनांचा दिसणारा. साहेबांनी प्रत काढली आणि चारचौघांत विचारलं, "मास्तर, हा फोटो बाईंचा आहे, की विटांच्या भिंतीचा?" मशीनवरची माणसं हसली. मास्तरांनी फाईल परत मागितली, पिशवीत ठेवली आणि दोन वेळा आभार मानून ते जिना उतरले. साहेबांनी हा किस्सा घरी जेवताना सांगितला. बायको म्हणाली, "अहो, त्यांना दुसरा फोटो मागून घ्यायचा होतात." साहेब म्हणाले, "मी छापखान्यात आहे, अनाथाश्रमात नाही." आणि त्यांनी आणखी आमटी मागितली.

त्यांना एकच मुलगी होती. जन्मली तेव्हा मुठीएवढी होती, म्हणून साहेबांनीच तिला 'ठिपकी' म्हणायला सुरुवात केली. भिंगाखाली धरलं तर छापलेलं कुठलंही चित्र शेवटी ठिपक्यांचंच असतं, त्यामुळे त्यांच्या तोंडी हा शब्द लाडाचाच समजायचा. ती शिकून मोठी झाली आणि त्यांच्याच खोलीत, त्यांच्या शेजारी स्टुलावर बसू लागली. चार वर्षं बसली. शिकवण्याची त्यांची तऱ्हाही भिंतीसारखीच होती. चुकल्याशिवाय काही सांगायचं नाही. आधी सांगितलं तर माणूस ते कानात ठेवतो, तोंडावर पडला की हाडांत ठेवतो, असं ते म्हणायचे. पडद्यावर एखादी फाईल उघडायची, खुर्ची मागे सरकवायची आणि विचारायचं, "सांग, काय चुकलंय?" ठिपकी बघायची आणि सांगायची. दुसऱ्या वर्षापासून तिचं एकदाही चुकलं नाही. त्यांनी शाबासकी एकदाही दिली नाही.

यात एक गोम होती आणि ती साहेबांनी बायकोलासुद्धा कळू दिली नव्हती. त्यांचे डोळे चालले होते. मोतीबिंदू असता तर काढून टाकता आला असता. डॉक्टर म्हणाले होते, डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजतोय, गेलेलं परत येणार नाही. म्हणजे कडेचं दिसायचं, खोली दिसायची, माणसं दिसायची, पण ज्याच्याकडे रोखून बघावं तेवढंच नाहीसं व्हायचं. सरळ रेघ ओल्या दोरीसारखी वाकडी दिसायची. ज्या माणसाची सगळी पत रोखून बघण्यावर उभी, त्याला देवाने बरोब्बर तिथे गाठलं होतं. तेव्हापासून "सांग, काय चुकलंय?" ही परीक्षा उरली नव्हती. साहेब पोरीच्या डोळ्यांनी बघत होते आणि पोरीला वाटतंय बाबा आपली परीक्षा घेतायत, अशी त्यांची समजूत होती.

आणि ठिपकी एके दिवशी म्हणाली, मी माझं काम सुरू करतेय.

चाव्या बनवणाऱ्याच्या दुकानावर तिने एक खोली घेतली. एक टेबल, एक संगणक, एक खिडकी. दिवसभर खालून कानशीचा आवाज यायचा. साहेब बघायलाही गेले नाहीत. आई जाऊन पडदे लावून आली. पहिले महिने तिला दुकानांच्या पाट्या आणि भेटकार्डं एवढंच मिळालं, पण मग दिवे बनवणाऱ्या एका कारखान्याच्या मालकीणबाईंनी तिला खोक्यांचं काम दिलं. एकाच आकाराचे सहा तऱ्हांचे दिवे, त्यांची सहा खोकी, आणि हे नीट झालं तर वर्षभराचं सगळं काम तिचंच. त्या एका कामावर ती खोली टिकायची होती की जायची होती, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. फाईल छपाईला अर्थातच बाबांच्याच छापखान्यात येणार होती.

त्याच आठवड्यात तिचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ती सहज म्हणाली, "बाबा, दिवसभर कोणी काय चुकलंय असं विचारत नाही ना, इतकं बरं वाटतं." बोलताना ती हसत होती. साहेब हसले नाहीत. आदल्याच दिवशी मशीनमन वर आला होता आणि हळूच म्हणाला होता, "साहेब, त्या वहीच्या कव्हरावर किती पानांची तो आकडाच नव्हता की हो. मी थांबवलं म्हणून बरं." साहेबांनी त्याच्यावरच डोळे वटारले होते. शेजारचं स्टूल रिकामं होतं.

खोक्याची फाईल आली ती ग्राहकाने सही केलेल्या प्रतीसकट. ठिपकीने ही प्रत बाहेरच्या दुकानातल्या साध्या यंत्रावर काढून आणली होती. गडद निळं खोकं, समोर कारखान्याचं नाव, आणि बाजूच्या पट्टीवर पांढऱ्या बारीक अक्षरांत किती वॉटचा दिवा, किती व्होल्टवर चालतो, आत किती नग. सहाही खोकी दिसायला एकसारखी. कुठल्या खोक्यात कुठला दिवा, हे सांगणारी तेवढीच चार ओळींची अक्षरं. खाली बाईंची सही, तिच्याखाली ठिपकीची.

साहेबांनी नियमाप्रमाणे छापखान्याच्या यंत्रावर आपली प्रत काढली. हे यंत्र शाई जशी बसणार तसंच दाखवतं आणि समासात तारीख-वेळ आपोआप छापतं. दोन्ही प्रती शेजारी ठेवल्या. मान थोडी तिरकी करून, डोळ्याच्या कडेने पाहायची सवय त्यांनी लावून घेतली होती. आणि त्यांना दिसलं. सहीच्या प्रतीवर बाजूच्या पट्टीत पांढरं काहीतरी होतं. त्यांच्या प्रतीवर ती पट्टी निळीशार कोरी होती. अक्षरं गायब.

त्यांना पहिल्यांदा काय वाटलं असेल, तर आनंद. आपल्याला दिसलं. हात आपसूक पेन्सिलीकडे गेला आणि त्या कोऱ्या पट्टीभोवती त्यांनी लाल गोल काढून टाकला.

काय झालंय हेही त्यांना तिथल्या तिथे कळलं, कारण ते त्यांनीच शिकवलं होतं. रंगावर बारीक काळी अक्षरं असली की ती थेट रंगावर छापायची, खालचा रंग कोरून काढायचा नाही. नाहीतर कागद केसभर सरकला तरी अक्षरांना पांढरी कड दिसते. त्यासाठी फाईलमध्ये त्या अक्षरांना 'ओव्हरप्रिंट' लावून ठेवायचं. ठिपकीने तसं ठेवलं असणार. मूळ खोकं फिकट निळं आणि अक्षरं काळी होती, आणि शेवटच्या दिवशी बाईंनी सांगितलं असणार की खोकं गडद करा, अक्षरं पांढरी करा. तिने रंग बदलला, ओव्हरप्रिंट तसंच राहिलं. छापखान्यात पांढरी शाई नसते. पांढरं म्हणजे कोरा सोडलेला कागद. तिथे खालचा रंग कोरू नकोस असं यंत्राला सांगितलं, की निळा सरळ वरून फिरतो आणि अक्षर उरतच नाही. पडद्यावर दिसतं, साध्या यंत्रावर दिसतं, खऱ्या शाईत दिसत नाही. काळ्याला लावायचं हे साहेबांनी पोरीला शिकवलं होतं. पांढरं केलं तर काढायचं, हे शिकवायचं राहिलं होतं, कारण ती तिथे अजून चुकली नव्हती.

एका फोनचं काम होतं. ठिपकीने पाच मिनिटांत नीट करून पाठवलं असतं. साहेबांनी फोन हातात घेतलासुद्धा. मग त्यांची नजर स्टुलावर गेली, कडेची नजर, जी अजून शाबूत होती.

त्यांनी फोन खाली ठेवला. चुकल्याशिवाय शिकत नाही, असं ते मनाशी म्हणाले, आणि हे म्हणताना आपण शिकवण्याचा विचार करत नाही आहोत हे त्यांना पक्कं माहीत होतं. त्यांना त्या स्टुलावर पोर हवी होती. गोल काढलेली प्रत त्यांनी खणात, जुन्या मोजपट्ट्यांच्या खाली सरकवली. तशीच दुसरी, गोल नसलेली काढली, आणि सही करून खाली मशीनवर पाठवली.

खोकी छापून, कापून, घड्या पाडून कारखान्यात पोचली. तिथे दिवे भरताना बायका एकमेकींना विचारायला लागल्या की यातलं कुठलं खोकं कुठल्या दिव्याचं. मालकीणबाई स्वतः आल्या, एक खोकं घेऊन. त्यांनी ते छापखान्याच्या मालकांच्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, "हे मी कोणाला विकू? आंधळ्यांना?"

ठिपकीला बोलावलं. ती आली तेव्हा हातात सहीची प्रत होती आणि ती पुन्हा पुन्हा त्या प्रतीकडे आणि खोक्याकडे बघत होती. मालकांनी साहेबांना विचारलं, "तुमच्या नजरेतून कसं सुटलं हे?"

"फाईलच तशी आहे," साहेब म्हणाले. "जशी फाईल तशी छपाई. खाली तिची सही आहे."

मालकांना नेमकं हेच ऐकायचं होतं, कारण मागणीच्या कागदावर तसं छापलेलंच होतं, सहीनंतर जबाबदारी ग्राहकाची. मालकीणबाईंनी ठिपकीकडे पाहिलं. मोठ्याने बोलल्या नाहीत, तेवढंच. "मुली, मी तुझ्यावर विश्वास टाकला होता," एवढं म्हणून त्या उठल्या आणि ते वर्षभराचं काम त्यांच्याबरोबर उठून गेलं. ठिपकी बापाकडे बघत म्हणाली, "बाबा, तुमच्या प्रतीवर दिसलं नाही?" सगळ्यांच्या देखत विचारलं. साहेब म्हणाले, "पोरीचं काम म्हणून डोळे झाकून विश्वास ठेवला. माझी चूक झाली." मशीनमनने मान हलवली. त्याला बिचाऱ्याला साहेबांची दया आली. चोवीस वर्षांत एवढ्या मोठेपणाने साहेब कधी बोलले नव्हते, आणि तेही खोटं होतं.

दोन महिन्यांत चाव्यांच्या दुकानावरची खोली गेली. पडदे आईने काढून आणले, धुतले आणि घडी करून माळ्यावर टाकले. मग एक दिवस साहेब म्हणाले, "मालकांशी बोललोय मी. सोमवारपासून येऊन बस." फार प्रेमाने म्हणाले. बायकोने चमकून त्यांच्याकडे पाहिलं, पण तिला कारण सापडलं नाही.

ठिपकी येऊन बसली. साहेबांचा जीव भांड्यात पडला. "सांग, काय चुकलंय?" विचारलं की ती सांगायची, पूर्वीसारखीच, फक्त हसायची नाही. भिंत पुन्हा भरायला लागली. साहेब मोठ्या मनाने सगळ्यांना सांगायचे, "पोरीचं खोकं मात्र मी भिंतीवर लावलं नाही हं. बाप आहे शेवटी." लोकांना ते पटायचं.

तिसऱ्या आठवड्यात ते दुपारी जेवून वर आले तर ठिपकी जिन्यात उभी होती, तोंडात दोन टाचण्या धरून. भिंतीच्या अगदी मध्यावर ती एक प्रत लावत होती. निळी. साहेबांनी मान तिरकी केली. लाल गोल होता. खाली तिने स्वतःच्या हाताने स्वतःचं नाव लिहिलं होतं.

"मोजपट्टी शोधत होते खणात," ती म्हणाली. "माझंच तेवढं राहिलं होतं ना लावायचं."

"काढ ते," साहेब म्हणाले.

"का? चूक माझीच आहे. नाव माझंच आहे." तिने शेवटची टाचणी दाबली. "तारीख कोण वाचतंय, बाबा."

तारीख कोणी वाचली नाही हे खरंच. जाणारा येणारा बघायचा, पोरीचं खोकं शेवटी लागलं म्हणायचा, आणि पुढे जायचा. समासातली ती बारीक तारीख छपाईच्या दोन दिवस आधीची होती. साहेबांनी सही करून मशीनवर पाठवलेल्या प्रतीवरची वेळ तिच्यानंतरची होती, म्हणजे लाल गोल छपाईच्या आधीचा होता. एकदा फक्त मशीनमन हातातला कप घेऊन त्या प्रतीसमोर थांबला, जरा जवळ गेला, मग खाली उतरला. त्या दिवसापासून तो साहेबांबरोबर चहा घ्यायचा थांबला. वर आला तर स्टुलाकडे बघून विचारायचा, "ठिपके, मशीनवर जाऊ देऊ का हे?"

साहेबांना ती प्रत काढून फाडता आली असती. रोज जिना चढताना ते तसं ठरवायचे. पण काढली तर का काढली हे सांगावं लागलं असतं, आणि ठिपकी समोरच बसलेली असायची.

घरी तिने तोंडातून अवाक्षर काढलं नाही. आईला सांगितलं नाही, मालकांना सांगितलं नाही. साहेब वाट बघत राहिले. एकदाची बोंबाबोंब झाली असती, चार शिव्या खाऊन मोकळे झाले असते. ती आपली जेवताना त्यांच्या ताटात भाकरी वाढायची आणि उठायची.

बदललं एवढंच. पूर्वी "सांग, काय चुकलंय?" म्हटलं की ती सांगायची, इथे हे, तिथे ते. आता ती पडद्याकडे पुष्कळ वेळ बघायची आणि म्हणायची, "काही नाही, बाबा." रोज. प्रत्येक फाईलला. चुका सापडल्याच तर त्या ती गुपचूप आधीच नीट करत होती, की तशाच सोडत होती, हे साहेबांना कळायला काही वाव नव्हता. भिंग लावून बघावं तर मधोमध तोच करडा डाग. फाईल खाली गेली की ते काचेतून मशीनकडे बघत बसायचे, आणि दोन दिवसांनी माल गेला की पुढचे आठ दिवस फोनच्या आवाजाला दचकायचे. चार महिन्यांत एकही तक्रार आली नाही. पण त्याने त्यांना धीर आला नाही. चोवीस वर्षं त्यांनी माणसांना बरोब्बर ओळखलं होतं, आणि आपल्या पोरीला आपणच घडवलंय हे ते विसरले नव्हते.

मग औषधाचा कागद आला. बाटलीबरोबर खोक्यात घडी करून घालतात तो. मुंगीएवढी अक्षरं, आणि त्यात किती वयाच्या मुलाला किती थेंब द्यायचे त्याचा तक्ता. साहेबांनी खुर्ची मागे सरकवली नाही. पडद्याला नाक लावून बघितलं, भिंग लावून प्रत बघितली, कडेने बघितलं, वरून बघितलं. आकडे त्यांच्यासमोर विरघळत होते.

"सांग," ते म्हणाले. "काय चुकलंय?"

ठिपकीने तक्ता वाचला. तिला घाई नव्हती. "काही नाही, बाबा."

"पुन्हा बघ."

"बघितलं."

"ठिपके, लहान मुलांचं औषध आहे."

"मला वाचता येतं, बाबा."

साहेब तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. रोखून बघितलं म्हणून चेहराच नाहीसा झाला. कान दिसत होते, केस दिसत होते, खिडकी दिसत होती. त्यांना खूप काही म्हणायचं होतं. मी तुला परत आणण्यासाठी केलं, म्हणायचं होतं. मला दिसत नाही, हे म्हणायचं होतं. त्यांनी एवढंच विचारलं, "माझी शपथ?"

"चुकलं असेल तर कळेलच की," ठिपकी म्हणाली. "चुकल्याशिवाय काही सांगायचं नाही, असंच ना?"

खालून मशीनमनने ओरडून विचारलं, प्लेट येतेय का म्हणून. ठिपकीने प्रत त्यांच्यासमोर सरकवली आणि पेन उघडून त्यांच्या बोटांत दिलं. साहेबांनी पेन टेकवलं. मग तिने त्यांचं मनगट धरलं, हलकेच, पहिल्या वर्षापासून हे करायची सवय असल्यासारखं.

"तिथे नाही, बाबा," ती म्हणाली. "थोडं खाली."

साहेबांनी थोडं खाली सही केली.